दक्षिणेच्या देवळांना निघालात? आधी पर्वतीच्या पायऱ्यांचा इतिहास वाचा!

सुट्ट्या लागल्या की पुण्यातून दक्षिणेकडे गाड्या सुटतात. कात्रज ओलांडायचा, खंबाटकीचा घाट चढायचा, कोल्हापूरला अंबाबाई करायची, मग बेळगाव, गोकर्ण, मुर्डेश्वर, उडुपी. हाताशी आठ-दहा दिवस असतील तर म्हैसूरची चामुंडी टेकडी, पळणी, मदुराई, गुरुवायूर आणि येताना तिरुपती. आपल्या वस्त्यांतून शिकून बाहेर पडलेली, आयटीत आणि बँकेत लागलेली पोरंही आता मित्रांच्या गाडीत बसून या सहलीला जातात. गोपुरासमोरचे फोटो स्टेटसला लागतात आणि त्यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात.

पहिली प्रतिक्रिया बाहेरच्यांची: "बघ, तुला कुणी जात विचारली का? मंदिरं सगळ्यांना खुलीच आहेत. तुम्ही लोक उगाच जुनं उगाळत बसता." दुसरी आपल्यातल्याच कुणाची तरी: "बाबासाहेबांनी देव सोडायला सांगितला आणि हा चालला दर्शनाला!"

दोन्ही वाक्यं इतिहास न वाचता बोलली जातात. पहिलं वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनी खाल्लेले दगड पुसून टाकतं. दुसरं वाक्य विसरतं की ते दगड त्यांनी देवळाच्या पायरीवरच खाल्ले होते, आणि का खाल्ले त्याला कारण होतं. म्हणून मित्रांनो, दक्षिणेला जायच्या आधी पुण्यातल्याच एका टेकडीपाशी थोडं थांबूया. दक्षिणेतल्या प्रत्येक मोठ्या देवळाच्या दारात जी लढाई झाली, ती या टेकडीवरही झाली होती. ती लढाई देवासाठी नव्हती. सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक जागा आणि सार्वजनिक पैसा यांवर हक्क कुणाचा, याचा निकाल लावण्यासाठी ती होती.

टेकडी कुणाच्या पैशाची?

पर्वती पुणेकराला सांगायला नको. सकाळी फिरायला, पोलीस भरतीच्या तयारीला, संध्याकाळी शहर बघायला लोक तिच्या १०३ पायऱ्या चढतात. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, १७४९ मध्ये ते उभं राहिलं. पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेबांचा मृत्यूही याच टेकडीवर झाला.

आता एक साधा प्रश्न विचारा. हे मंदिर बांधायला पैसा कुठून आला? पेशव्यांच्या तिजोरीतून. आणि तिजोरीत पैसा कुठून आला? रयतेच्या शेतसाऱ्यातून, चौथाईतून, गावोगावच्या बलुतेदारांच्या घामातून. गावाची वेस राखणारा, सरकारी टपाल-सामान वाहणारा महार त्या रयतेत नव्हता काय? राज्याच्या ओझ्यात त्याचा खांदा चालत होता, राज्याच्या देवळात मात्र त्याची सावलीही चालत नव्हती.

पर्वतीच्या पायथ्याला पेशव्यांचा रमणा होता. श्रावणात तिथे हजारो ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. त्याच पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू असे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवून ठेवलं आहे. एकाच राज्यात, एकाच शहरात एकाला श्रावणी दक्षिणा आणि दुसऱ्याला थुंकायला मडकं. पेशवाईतली जातव्यवस्था समजून घ्यायला याहून मोठा ग्रंथ लागत नाही.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा दुसरा बाजीराव ती याच पर्वतीवरून पाहत होता. दोन महिने व्हायच्या आत, १ जानेवारी १८१८ ला, भीमा कोरेगाव घडलं. राज्य बुडालं. पण राज्य बुडालं म्हणून दक्षिणा बुडाली नाही. इंग्रजांनी दक्षिणेचा निधी चालू ठेवला, त्यातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पर्वतीच्या देवस्थानालाही सरकारी नेमणूक चालू राहिली. १८४९ मध्ये या दक्षिणेच्या पैशातला काही भाग मराठी ग्रंथांना द्यावा असा अर्ज सुधारकांनी केला, तेव्हा सनातनी पुणं खवळून उठलं आणि तरुण जोतिराव फुले अर्ज करणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. म्हणजे पर्वतीवर सत्याग्रह व्हायच्या ऐंशी वर्षं आधीच या पैशावर हक्क कुणाचा, हा वाद पुण्यात सुरू झाला होता.

हे लक्षात ठेवा, कारण मंदिरप्रवेशाचा विषय निघाला की सनातन्यांचा हुकमी बचाव असतो: "देवस्थान खाजगी आहे." राजाच्या तिजोरीतून बांधलेलं, सरकारी नेमणुकीवर चाललेलं देवस्थान अस्पृश्य पायरीशी आला की एकदम खाजगी होतं!

१३ ऑक्टोबर १९२९

१९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याची अंमलबजावणी करून दाखवायला बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाड गाठलं. पण मंदिर त्या ठरावात नव्हतं. ठरावाच्या पुढची ती पायरी लोकांनी स्वतः चढायची ठरवली. १९२७ मध्येच अमरावतीत अंबादेवीच्या मंदिराचा प्रश्न पेटला. दोन वर्षांनी पुण्याची पाळी आली.

पुण्यातल्या या लढ्याचे पुढारी होते शिवराम जानबा कांबळे. या माणसाचं नाव आपल्या किती तरुणांना माहीत आहे? १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवून सरकारकडे अर्ज करणारे, १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढणारे, मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध मोहीम चालवणारे, सैन्याचे आणि पोलिसाचे दरवाजे पुन्हा उघडा म्हणून १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज पोचवणारे हे कांबळे. बाबासाहेब कॉलेजात शिकत होते तेव्हा हा माणूस पुण्यात चळवळ चालवत होता. १९२९ मध्ये ते पन्नाशी ओलांडलेले होते. त्यांच्या बरोबरीला होते पंचविशीच्या आतबाहेरचे पां. ना. राजभोज. कांबळे महार, राजभोज चर्मकार. आज जे लोक आपल्यात पोटजातींच्या भिंती उभ्या करतात त्यांनी पर्वतीची ही जोडी आठवावी. एस. एम. जोशींसारखे काही सवर्ण तरुणही सोबत आले.

रविवार, १३ ऑक्टोबर १९२९ ला सत्याग्रही पर्वतीवर चढले. शस्त्र नाही, शिवीगाळ नाही. मागणी एवढीच, की जिथे बाकीचे पुणेकर जातात तिथे आम्हालाही जाऊ द्या. उत्तर काय मिळालं? दगड आणि मारहाण. राजभोज जखमी झाले. हे कुठल्या आडगावात घडलं नाही. जे शहर स्वतःला विद्येचं माहेरघर म्हणवतं, जिथे स्वराज्याची भाषणं रोज होत होती, तिथे हे घडलं. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क म्हणणाऱ्या शहराला १०३ पायऱ्यांचा हक्क देणं जड गेलं.

बाबासाहेबांनी सत्याग्रहाला पाठिंबा दिला, हल्ल्याचा निषेध केला. सत्याग्रह पुढे काही महिने चालला. दार उघडलं नाही.

मग पर्वती हरली का? तसं म्हणणाऱ्याने पुढच्या तारखा पाहाव्यात. पाच महिने व्हायच्या आत, २ मार्च १९३० ला, नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर हजारोंचा सत्याग्रह उभा राहिला आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं चालला. आणि पर्वतीच्या सत्याग्रहाला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी, पुन्हा १३ ऑक्टोबरला आणि पुन्हा रविवारीच, १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. तारीख जुळली हा योगायोग असेल. पण पर्वतीच्या बंद दारापासून येवल्याच्या घोषणेपर्यंतची वाट योगायोगाने आखलेली नव्हती. दार बंद ठेवणाऱ्यांनीच ती आखून दिली.

तिकडे दक्षिणेत काय चाललं होतं?

आता गाडी दक्षिणेकडे वळवू. कारण "तिकडची मंदिरं शिस्तीची, तिकडचे लोक सालस" असं सहलीवरून आलेले लोक सांगतात. तो सालसपणा कुणाच्या पाठीवरचे वळ झाकतो ते पाहू.

केरळातलं वैकोम. तिथल्या महादेव मंदिराच्या आत जायची गोष्ट सोडाच, मंदिराच्या भोवतालच्या रस्त्यावरूनही अस्पृश्यांना चालू देत नसत. ३० मार्च १९२४ ला तीन माणसं त्या रस्त्यावर पाऊल टाकायला निघाली: एक पुलया, एक ईळवा आणि एक नायर. तिघांनाही अटक झाली. पेरियार रामासामी तमिळ मुलखातून तिथे गेले आणि दोनदा तुरुंगात पडले. गांधीजी १९२५ च्या मार्चमध्ये जाऊन सनातन्यांशी बोलून आले. वीस महिन्यांच्या लढ्यानंतर मिळालं काय? मंदिराच्या तीन बाजूंचे रस्ते. मंदिर नव्हे, रस्ते! आणि तेही चारही बाजूंचे नाहीत. महाडला पाण्यासाठी लढावं लागलं, वैकोमला डांबराच्या पट्टीसाठी. यात भक्तीचा संबंध कुठे येतो?

गुरुवायूरला १ नोव्हेंबर १९३१ ला सत्याग्रह सुरू झाला. मंदिराची घंटा वाजवली म्हणून कृष्ण पिल्लै यांना मार खावा लागला. सप्टेंबर १९३२ मध्ये के. केळप्पन तिथे उपोषणाला बसले. नेमके त्याच आठवड्यात गांधीजी इकडे पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात आपल्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध उपोषणाला बसले होते, आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. करारानंतर देशभर मंदिरं उघडण्याची लाट आली म्हणतात. गुरुवायूरचं काय झालं? केळप्पन यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून उपोषण सोडलं. त्या तालुक्यात सवर्णांचं मतदान घेतलं, बहुसंख्य मतं प्रवेशाच्या बाजूने पडली. तरी दार उघडलं नाही. ते उघडलं १९४७ मध्ये, कायदा झाल्यावर. आपल्याकडून स्वतंत्र मतदारसंघ पाच दिवसांत घेतले, त्या बदल्यात दाखवलेलं एक दार पंधरा वर्षं बंद राहिलं. हा हिशेब पुणेकर तरुणाने तरी पाठ करून ठेवावा, कारण करार याच शहरात झाला.

मदुराईचं मीनाक्षी मंदिर सगळ्यांच्या यादीत असतं. तिथली गोष्ट अजून मागून सुरू होते. ताडी काढणारे म्हणून हिणवले गेलेले नाडार व्यापारात पुढे आले, पैसेवाले झाले, तरी रामनाड मुलखातल्या कमुदी गावच्या मंदिरात १८९७ मध्ये ते शिरले म्हणून त्यांच्यावर दावा गुदरला गेला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०८ मध्ये निकाल नाडारांच्या विरोधात लागला. पैसा आला की जात जाते, म्हणणाऱ्यांना हा खटला दाखवा. पुढे ८ जुलै १९३९ ला वैद्यनाथ अय्यर काही अस्पृश्य कार्यकर्त्यांना आणि एका नाडार सहकाऱ्याला घेऊन मीनाक्षी मंदिरात गेले. त्यांत पी. कक्कन होते, ते पुढे मद्रास राज्याचे मंत्री झाले. मंदिरातल्या पुजाऱ्यांनी त्यावर बहिष्कार टाकला. प्रवेश करणाऱ्यांवर खटले होऊ नयेत म्हणून राजाजींच्या सरकारला तातडीने संरक्षणाचा कायदा करावा लागला. म्हणजे देवळात पाऊल टाकलेल्या माणसाला देव वाचवत नाही, कायदा वाचवतो!

दार कुणी उघडलं?

"सवर्णांची मनं बदलली आणि मंदिरं उघडली" ही गोष्ट आपल्याला शाळेपासून सांगतात. तारखा लावून पाहिलं तर वेगळंच दिसतं.

१२ नोव्हेंबर १९३६ ला त्रावणकोरच्या महाराजांनी राज्यातली मंदिरं सगळ्या हिंदूंना खुली केली. वैकोमला तीन बाजूंचे रस्ते द्यायला वीस महिने लावणारं तेच राज्य अकरा वर्षांत इतकं उदार कसं झालं? मधे येवला झालं होतं. तिकडे ईळवा समाजातले पुढारी उघडपणे धर्मांतराची भाषा बोलत होते, आणि हा समाज लहान नव्हता. माणसं हातची जातील ही भीती पुष्कळ काम करून गेली. येवल्यात उच्चारलेल्या एका वाक्याने हजारभर किलोमीटरवरची कुलपं खिळखिळी झाली. आणि जिथे ती भीती तितकी पोचली नाही, त्या शेजारच्या कोचीन संस्थानाने आणखी दशकभर दार लावूनच ठेवलं.

महाराष्ट्रात मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. केळप्पन, वैद्यनाथ अय्यर, एस. एम. जोशी यांनीही आपल्याच जातवाल्यांचा राग ओढवून घेतला, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण श्रेय देताना क्रम विसरायचा नाही. साने गुरुजींच्या उपोषणाच्या आधी वीस वर्षं अंबादेवी, पर्वती, काळाराम इथे अस्पृश्यांनी स्वतः मार खाल्ला होता. १९४७ मध्येच मुंबई आणि मद्रास या दोन्ही प्रांतांत मंदिरप्रवेशाचे कायदे झाले. मग संविधान आलं. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम २५ मधल्या दुसऱ्या पोटकलमाने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरं हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला. १९५५ च्या कायद्याने अडवणं हा गुन्हा ठरवला.

तेव्हा मीनाक्षीच्या रांगेत तुम्हाला कुणी जात विचारली नाही, तर ते समोरच्याचं मोठं मन नसतं. विचारली तर गुन्हा होतो, हे त्याला माहीत असतं. ही भीती संविधानाने घातली आहे.

मग बाबासाहेबांनी ही लढाई का सोडली?

आता दुसऱ्या प्रतिक्रियेकडे येऊ. मंदिरात जायचंच नव्हतं तर सत्याग्रह कशाला केले, हा प्रश्न आपलेही तरुण विचारतात.

एक गोष्ट स्वच्छ समजून घ्या. भक्ती कमी पडली म्हणून आपण बाहेर नव्हतो. चोखोबांपेक्षा मोठा विठ्ठलभक्त कोण? त्यांची समाधी पंढरपूरला मंदिराच्या बाहेर, पायरीपाशी आहे. उडुपीला गेलात तर तिथे भिंतीतली खिडकी दाखवतात. धनगर समाजातल्या कनकदासांना आत घेतलं नाही, म्हणून कृष्णानेच तोंड फिरवून भिंतीतून दर्शन दिलं, अशी आख्यायिका सांगतात. चिदंबरमला परैयर नंदनार यांची गोष्ट सांगतात, अग्नीतून शुद्ध होऊन निघाल्यावर त्यांना आत जाता आलं. तीन प्रांत, तीन भाषा, तीन भक्त. तिन्ही गोष्टींत देव प्रसन्न होतो आणि तिन्ही गोष्टींत जात जागेवरच राहते. देव तोंड फिरवतो, पण पुजाऱ्याला दार उघड म्हणत नाही. भक्तीने जे शतकानुशतकं झालं नाही ते भक्तीने होणार नव्हतं, हे बाबासाहेबांनी ओळखलं.

१९३३ मध्ये मंदिरप्रवेशाचं विधेयक आलं आणि गांधीजींनी बाबासाहेबांचा पाठिंबा मागितला. फेब्रुवारीत येरवड्याच्या तुरुंगात दोघांची भेट झाली. १४ फेब्रुवारीच्या निवेदनात बाबासाहेबांनी पाठिंबा नाकारला. त्यांचं म्हणणं असं होतं: अस्पृश्यता पाप आहे असं विधेयक म्हणतच नाही, ते फक्त बहुमताने ठरवा म्हणतं. पाप असेल तर ते बहुमत असलं तरी पापच. आणि ज्या घरात आपल्याला मान नाही तिथे आत घ्या म्हणून विनवण्या करण्यात स्वाभिमान नाही. शिक्षण, नोकरी, आर्थिक बळ यांतून खरी उन्नती आहे.

पुढे ३ मार्च १९३४ ला दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आणखी स्पष्ट केलं. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून मंदिरप्रवेशाची चळवळ केलीच नव्हती. दबलेल्या माणसाला जागं करायला, त्याला त्याची खरी स्थिती दाखवायला ती होती. ते काम झालं. आता ताकद राजकारण आणि शिक्षणावर लावा.

म्हणजे सत्याग्रह आणि धर्मांतर यांत विसंगती नाही. ज्या दारातून जायचा हक्कच नाही, तिथून पाठ फिरवणं ही लाचारी असते. हक्क बजावून, मग विचार करून पाठ फिरवणं हे स्वातंत्र्य असतं. पर्वतीवर जखमी झालेले राजभोज पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले आणि १९५२ मध्ये सोलापुरातून लोकसभेत गेले. देवळाची पायरी अडवणाऱ्यांना त्यांनी संसदेची पायरी चढून दाखवली. आणि पर्वतीच्या सत्याग्रहानंतर पंचवीस वर्षांनी, २५ डिसेंबर १९५४ ला, पुण्याजवळच्या देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. तिथे कुणाची परवानगी लागली नाही, कुणी दगड मारले नाहीत, आणि पुजारी कोण हा प्रश्नच उरला नाही.

गाभारा आणि तिजोरी

"आता काय उरलंय? सगळं तर मिळालं!" असं म्हणणाऱ्यांसाठी हा शेवटचा मुद्दा. दार उघडलं, पण दाराच्या आत आणखी दोन दारं आहेत: गाभारा आणि तिजोरी. पूजा कोण करणार आणि दानपेटीचा कारभार कोण बघणार?

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये याचं उत्तर लिहून ठेवलं आहे: पुरोहितपण वंशपरंपरेने नको. परीक्षा घ्या, पास होईल त्याला राज्याने सनद द्यावी, पुरोहित हा राज्याचा नोकर असावा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९२० मध्ये शिवाजी वैदिक विद्यालय काढून पुरोहितपणाची मक्तेदारी फोडायला सुरुवात केली होतीच.

तमिळनाडूने १९७० मध्ये वंशपरंपरागत अर्चकपद रद्द करणारा कायदा केला. त्यावर कोर्टकचेऱ्या चालल्या अर्धं शतक. अखेर १४ ऑगस्ट २०२१ ला वेगवेगळ्या जातींतल्या प्रशिक्षित अर्चकांना मंदिरांत नेमणुका मिळाल्या, त्यांत दलितही होते. केरळात त्रावणकोर देवस्वम मंडळाने २०१७ मध्ये ३६ अब्राह्मण पुजारी निवडले, त्यांत सहा दलित. आपल्याकडे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवले, आणि मंदिर समितीने सर्व जातींतून पुजाऱ्यांसाठी अर्ज मागवले. हे सगळं बाबासाहेबांच्या त्या यादीतलंच आहे, फक्त ऐंशी वर्षं उशिरा आणि तेही अर्धंमुर्धं.

आणि खेड्यांत तर पहिलं दारही अजून पुरतं उघडलेलं नाही. ज्या तमिळनाडूत आपण गोपुरांचे फोटो काढतो, तिथे तिरुवण्णामलै जिल्ह्यातल्या एका गावात जानेवारी २०२३ मध्ये दलितांना पोलीस बंदोबस्तात मारिअम्मनच्या मंदिरात न्यावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये विळुप्पुरम जिल्ह्यातल्या मेलपाडी गावात दलितांच्या प्रवेशावरून वाद झाला, तेव्हा द्रौपदी अम्मनच्या मंदिराला सरकारने सील ठोकलं. सहलीच्या रस्त्यापासून आत दहा-वीस किलोमीटरवर १९२९ अजून चालूच आहे.

तर मग जायचं की नाही?

ज्यांनी २२ प्रतिज्ञा घेतल्या आहेत त्यांना पूजा-नवसाचा प्रश्नच पडत नाही. पण शिल्प पाहणं, इतिहास समजून घेणं, देश फिरणं यावर कुणाची बंदी नाही. देशातली प्रत्येक सार्वजनिक वास्तू आपल्याही पूर्वजांच्या श्रमाची आहे. तिथे मान खाली घालून जाऊ नका आणि लपूनही जाऊ नका. नागरिक म्हणून जा, डोळे उघडे ठेवून जा.

प्रत्येक देवळासमोर चार प्रश्न विचारा. हे कुणाच्या पैशाने बांधलं? इथून चालायची बंदी कुणाला होती? दार कधी आणि कोणत्या कायद्याने उघडलं? आणि आज गाभाऱ्यात आणि कारभारी मंडळात कोण आहे? गाईड सांगणार नाही. म्हणून आधी वाचून जा.

वाटेत आपलीही ठिकाणं आहेत. कोल्हापूरच्या अलीकडे माणगावला वळा, तिथे मार्च १९२० च्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेब हे तुमचे पुढारी होतील असं सांगितलं. केरळात गेलात तर वैकोमला पेरियार यांचं स्मारक आहे, तिथे तासभर द्या. आणि निघायच्या आदल्या रविवारी पर्वती चढा. सोबतच्या लहान भावंडांना शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज ही नावं सांगा. शाळेच्या पुस्तकाने ती सांगायची वाट पाहिली तर आणखी एक पिढी "मंदिरं सगळ्यांना खुलीच होती" हे वाक्य खरं मानून मोठी होईल.

१३ ऑक्टोबरला आपण येवला आठवतो. यंदापासून त्याच दिवशी पर्वतीही आठवूया. येवल्याच्या वाटेवरची ती एक पायरी आहे, आणि ती पुण्याच्या माणसांनी रक्त सांडून चढली आहे.

जय भीम! जय संविधान!